उगवतीची खिडकी

आमच्या आण्णांना, म्हणजे नानासाहेबांना, राग आला की गल्लीतली पोरं म्हणायची, "सरका रे, तेरखेड्याचा माल पेटला." तेरखेड्याला फटाके बनतात आणि आण्णा बिनदारूचे वाजतात, एवढाच काय तो फरक. मी त्यांची लेक क्षमा. नाव क्षमा असलं तरी डोकं मला बापाचंच आलंय, हे आधीच सांगून ठेवते.

आण्णांनी भूम डेपोत एसटीची गाडी चालवण्यात हयात घालवली. गाडीला कुणी लिंबू-मिरची बांधली की हे ती तोडायचे, डब्याच्या पिशवीत घालून घरी आणायचे आणि मायला म्हणायचे, "मालन, मिरचीचा ठेचा कर, लिंबू कालवणावर पीळ. फुकटचा बाजार आलाय." माय करायची, आम्ही खायचो. ठेचा चांगला व्हायचा, खोटं कशाला बोलू!

आमच्या आज्यानं छप्पन साली, धर्मांतराच्या वेळी, घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले, तेव्हापासून आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही. ही गोष्ट आण्णा विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमात सांगायचे. चांगलं बोलायचे. ऐकणारी माणसं टाळ्या वाजवायची आणि माय बायांच्या घोळक्यात शेवटी बसून पदराच्या आड हसायची, कारण तिला पुढचं वाक्य पाठ असायचं.

रिटायर झाल्यावर आण्णांनी भूमजवळच्या वाशीच्या कडेला, रानाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून जागा घेतली. आजवरचं सगळं आयुष्य पत्र्याखाली गेलं होतं. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ताशा. आता पक्कं घर, आणि तेही आपल्या मनाप्रमाणं. पण आण्णांच्या मनात काय होतं, तर ह्या घरात वास्तुशास्त्राचा वारासुद्धा शिरू द्यायचा नाही. कारणही घडलं होतं. त्यांच्या डेपोतल्या एका दोस्तानं कुणा महाराजाच्या सांगण्यावरून नवा कोरा जिना पाडला होता. आण्णा त्याला भेटून आले ते तापूनच आले. बाजारातून वास्तूचं एक चोपडं आणलं, चष्मा लावून वाचलं आणि ठरवलं की ह्यात जे लिहिलंय त्याच्या नेमकं उलटं करायचं. देव मानणाऱ्यानं सुद्धा ते चोपडं इतकं बारकाईनं वाचलं नसेल. ईशान्य पवित्र, तर ईशान्येला संडास. दक्षिणेला दार नको, तर दार दक्षिणेलाच. स्वयंपाकघर आग्नेयेला सांगितलंय, तर ते पार मागच्या नैऋत्येच्या कोपऱ्यात.

"आण्णा, तिकडं दुपारचं ऊन येतंय," राजशेखर म्हणाला. हा आमचा इंजिनिअर, तरणा पोरगा, बिचारा हळू बोलणारा.

"येऊ दे की. उन्हाला काय जात-धर्म हाय का?"

त्यानं नकाशा गुंडाळला.

आखणीच्या दिवशी मी मुद्दाम भूमहून आले. मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. हा हॉल, ही खोली, हा संडास. माणसं रेघांमधून फिरत होती, आणि गंमत म्हणजे जो तो दारातूनच आत-बाहेर करत होता, जणू भिंती उभ्याच आहेत. शरणबसप्पा मिस्त्री उमरग्याकडचा. तो आणि त्याची बायको इरम्मा दोरी धरून होते. विहारातली दोन-चार मंडळी आली होती. आणि उत्तरेश्वरभाऊ आले होते, आमच्या मूळ गावातले मोठे शेतकरी, आण्णांचे शाळेपासूनचे सोबती. त्यांनी नुकताच बंगला बांधलेला, तोही सगळा वास्तूप्रमाणं. ते आण्णांना चिडवायलाच आले होते म्हणा ना.

"नाना, ईशान्येला संडास बांधतोस, रात्री झोप तरी लागंल का?"

"पोट साफ असल्यावर झोप लागतीच," आण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

माय तेवढ्यात रेघांच्या आत फिरत होती. माझी माय, मालनबाई, बुटकी, काटक, कमी बोलणारी. ती ईशान्येच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथून रानाकडं जाणारा सगळा रस्ता दिसत होता. तिनं हातानं हवेत चौकोन काढला आणि म्हणाली, "आवं, चूल इथं घ्या की. आन इथं उगवतीला एक मोठी खिडकी ठेवा. मला दुसरं कायबी नको."

बास. वात पेटली.

"उगवतीला? कुणी शिकिवलं तुला हे?" आण्णांनी उत्तरेश्वरभाऊंकडं बघितलं, मग मायकडं. "ह्यानं शिकिवलं व्हय?"

"कुणी न्हाय शिकिवलं. मला वाटलं म्हणून..."

"वाटतंय कसं आपोआप? माझ्या बापानं देव नदीला सोडले आन तू ते खिडकीतून परत आत घेतीस? इतकी वर्षं माझ्यासंगं राहून तुझ्या डोक्यातला अंधार गेला न्हाय म्हणायचा! लोक हसतील मला!"

सगळ्यांपुढं. मिस्त्रीपुढं, विहारातल्या माणसांपुढं, उत्तरेश्वरभाऊंपुढं. मायनं एकदा उत्तरेश्वरभाऊंकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती चालायला लागली. दाराकडं वळली नाही, सरळ फक्कीच्या रेघेवरून पाय टाकून बाहेर गेली. तिच्या चपलेला फक्की लागली होती. मला तेव्हा आण्णांचा राग आला आणि मायचाही आला. म्हटलं, ही बाई कशाला असलं काहीतरी बोलते? तिला तसं विचारायला मात्र मी गेले नाही.

त्या दिवसापासून मायनं घराबद्दल बोलणं सोडून दिलं. फरशी कसली घ्यायची? "तुमी म्हणाल तसं." रंग? "तुमी म्हणाल तसं." आण्णा खूश. मला फोनवर म्हणायचे, "तुझी माय लई समजूतदार हाय बघ. एकदा समजावलं की झालं." अहो आण्णा, ती समजलेली नव्हती, ती गप्प झालेली होती. पण हे मला तरी कुठं कळत होतं?

ओट्याची उंची ठरवायची होती तेव्हा माय जागेवर गेलीच नाही. शरणबसप्पानं विचारलं, कुणाच्या मापानं घेऊ? आण्णा म्हणाले, माझ्या. आण्णा साडेपाच फुटाच्या वर, माय त्यांच्या खांद्याला. पण त्या गड्याला वाटलं मालक सांगतोय म्हणजे मालकच चहा करत असतील.

जोतं झालं, भिंती आल्या, स्लॅब पडला. येईल त्याला आण्णा आधी हॉल दाखवायचे नाहीत, संडास दाखवायचे. "बघा, ईशान्येला! कुणाचं काय वाकडं झालं?" लोक मान डोलवायचे. पाव्हण्यांना संडासापाशी उभं करून भाषण देणारा आमचा बाप अख्ख्या जिल्ह्यात एकटाच असेल.

गिलावा झाला तोवर उन्हाळा आला होता. मी सुट्टी काढून आले होते. दुपारी मायनं नव्या ओट्यावर शेगडी ठेवली आणि कामावरच्या माणसांसाठी चहा टाकला. मावळतीकडच्या उन्हानं ते स्वयंपाकघर असं तापलं होतं की भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. ओटा तिच्या छातीला येत होता. तिनं बाहेरून दोन विटा आणल्या, खाली ठेवल्या, वर उभी राहिली आणि पातेल्यात बघितलं. मी म्हटलं, "माय, हे काय गं?" तर म्हणाली, "आगं, सवय व्हईल."

चहा घेऊन आम्ही बाहेर आलो. घराच्या पूर्वेच्या अंगाला तेवढी सावली होती, संडासाच्या भिंतीला लागून. तिथं इरम्मा आणि अजून एक बाई बसल्या होत्या. मायही त्यांच्याजवळ खाली बसली. इरम्मानं असंच विचारलं, "मालनबाई, येवढं घर झालं, आन तुमी भायेर बसताय?"

"बरं वाटतंय हितं. सवय हाय मला."

"कशाची?"

मायनं कप खाली ठेवला. ती जे बोलली ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी तिची पोटची पोर, आणि ऐकलं नव्हतं.

"नवी नवरी व्हते तवा. कस्तुराबाईच्या रानात खुरपायला जायची म्या, ह्या उत्तरेश्वरभाऊंच्या आईच्या. सकाळी कामाला जायच्या आधी त्यांच्या सैपाकघराच्या खिडकीखाली आमी बाया बसायचो. खिडकी उगवतीला व्हती. आतून त्या भाकर टाकायच्या, आमी खालून पदर धरायचो. वरून टाकायच्या, हाताला हात लागू नये म्हणून. बाई वाईट नव्हत्या, कधी शिळी टाकली न्हाय. पण आत ये, आसं कधी म्हणल्या न्हायत. थंडीच्या दिवसांत त्या खिडकीत कवळं ऊन पडायचं. त्यांचं तोंड, मागची भांडी, सगळं उजळून निघायचं. मला वाटायचं, तिकडून आमी कशा दिसत आसू? आतून भायेर कसं दिसतंय, येकदा बघावं. आन आपलं घर झालं तर आपल्या बी चुलीम्होरं आशी खिडकी ठेवावी. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला हाक मारावी, ये गं, आत ये, म्हणावं. येवढंच."

"मग सांगितलं न्हाय मालकास्नी?"

"सांगणार व्हते की. पर उत्तरेश्वरभाऊ समोर उभे. त्यांच्या मेलेल्या आईचं त्यांच्याम्होरं कसं काढायचं? बरं दिसतंय का ते? आन नंतर..." माय हसली. "नंतर आमच्या मालकांनी माझा पार भट करून टाकला. मग कशाला बोलायचं?"

आमच्या डोक्यावर, त्या भिंतीत, संडासाचा जाळीचा झरोका होता. पूर्वेच्या बाजूला अख्ख्या घरात उघडं असं तेवढंच. आतून नळ चालू झाल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. मी उठून आत गेले. आण्णा नव्या संडासात उभे होते, नळाची चावी हातात तशीच धरलेली. नळ बघायला आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं पाहून त्यांनी मान खाली घातली. 

संध्याकाळी ते जेवले नाहीत. ताट पुढं होतं, भाकरी मोडून ठेवलेली. माय शेजारी गेली तेव्हा ते मला म्हणाले, "क्षमे, मी जन्मभर माईकवर काय बोललो? माणसाला माणसासारखं वागवा. व्हय ना? आन माझ्या घरातलं माणूस एक खिडकी मागत व्हतं, ते मी का म्हणून विचारलं बी न्हाय. चार माणसांत तिला अडाणी ठरीवली. कस्तुराबाईनं तिला खिडकीच्या भायेर ठिवली. मी तर खिडकीच बुजीवली. मग माझ्यात आन त्या घरात काय फरक राह्यला गं?"

उत्तर माझ्याकडं होतं, पण बापाच्या तोंडावर ते कसं देणार? मी ताट उचललं. तेव्हा फक्कीच्या रेघांपाशी मीही तिला काही विचारलं नव्हतं, तेही मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी सांगून टाकलं, "मालन, संडास पाडायचा. तिथं सैपाकघर घ्यायचं."

मायनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू त्यांना ताप आलाय. "कायबी काय! फरशी लागली, टाकी झाली. आन लोक काय म्हणतील, कळतंय का? नानासाहेबानं शेवटी ईशान्येचा संडास पाडला, वास्तू मानली म्हणतील. तुमी जन्मभर ज्याच्यासाठी भांडलात ते सगळं पाण्यात जाईल. माझ्या खिडकीपायी तुमचं हसू नको. न्हाय पाडायचं."

"तुला पायजे हाय ना?"

"आता नको."

"खोटं बोलू नको."

"बोलीन. आजवर तुमी म्हणाल तसं केलं, आता येवढं माझं ऐका."

झालं! आण्णांनी मान डोलावली. आणि मी सांगते, त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. मला ते तोंडावर दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. माझे आण्णा, कुणाच्या बापाला न भिणारे, आता लोकांच्या हसण्याला भीत होते. ते रोज जागेवर जायचे, संडासासमोर उभे राहायचे, भिंतीवर हात फिरवायचे आणि परत यायचे. शरणबसप्पा विचारायचा, मालक, रंग कधी धरू? हे म्हणायचे, थांब जरा. मी फोनवर चिडून म्हटलं, "आण्णा, काय ठरवलंत?" तर म्हणाले, "तुझी माय नको म्हणती." मी फोन ठेवून दिला.

मग एक दिवस पुण्याहून आमची आत्या आली, घर बघायला. मी होते. माय तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली, भर दुपारी. विटांवर उभी राहिली आणि घाम पुसत म्हणाली, "लई झ्याक झालंय बघा वन्सं. ह्यांनी माझ्या मनासारखं करून दिलं सगळं. मी म्हणलं तसं." आत्या म्हणाली, नशीबवान आहेस. माय म्हणाली, "व्हय तर."

आण्णा दारात उभे होते. ते मागं वळले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं धाड्कन आवाज आला. आम्ही पळत गेलो. आण्णांनी शरणबसप्पाचा मोठा हातोडा घेतला होता आणि संडासाच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूनं, भोक पाडलं होतं. फरशीचे तुकडे, धूळ, आणि त्यात हे, केसांवर सिमेंट घेऊन रडत होते. हो, रडत होते, लपवून सुद्धा नाही. "माझ्यासाठी खोटं बोलू नको गं," एवढंच म्हणाले आणि परत हातोडा उचलला. शरणबसप्पानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "मालक, छातीचा त्रास व्हईल. मी पाडतो."

माय पुढं झाली. पदरानं त्यांच्या डोक्यावरचं सिमेंट झाडायला लागली.

नवं स्वयंपाकघर पूर्वेला आलं. ह्या वेळी ओट्याचं माप मायच्या कोपरावरून घेतलं. तिला समोर उभं करून इरम्मानं कोळशानं भिंतीवर खूण केली. खिडकी ओट्याच्या वर, हात पसरले तरी उरेल एवढी. संडास मागं नैऋत्येला गेला. पहिली टाकी वापरलीच नव्हती. ती मुरूम टाकून बुजवली आणि वर कट्टा केला, बरोबर खिडकीखाली.

गावभर झालंच. बाजारात, स्टँडवर, चहाच्या टपरीवर. "काय नानासाहेब, शेवटी ईशान्य मोकळी केली म्हणे!" राजशेखरला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "आण्णा, त्यांना सांगा ना, वास्तूत ईशान्येला स्वयंपाकघरसुद्धा चालत नाही. तुम्ही अजूनही उलटंच केलंय." चांगलं, आयतं उत्तर होतं. माझी तर जीभ शिवशिवत होती. पण आण्णांनी ते कुणाला दिलं नाही. कुणी चिडवलं की "व्हय, चुकलं व्हतं माझं" म्हणायचे आणि पुढं चालायला लागायचे. विहारातल्या एका पोरानं तर तोंडावर विचारलं, "आण्णा, तुम्हीसुद्धा?" त्या दिवशी घरी येऊन ते कितीतरी वेळ चपला न काढता बसून राहिले होते.

राहायला गेलो त्या सकाळी आधी वंदना झाली. खीर झाली. मग मायनं खिडकी उघडली. कवळं ऊन थेट ओट्यावर आलं. रस्त्यानं खुरपायला जाणाऱ्या बाया चालल्या होत्या. माय ओट्याला दोन्ही हात टेकून त्यांच्याकडं बघत राहिली. किती वेळ! चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. मी गॅस बंद केला आणि तिला काही म्हटलं नाही.

तेवढ्यात उत्तरेश्वरभाऊ आले. रस्त्यावरून थेट खिडकीपाशी, कट्ट्यावर टेकले. आण्णाही तिथंच बाहेर उभे होते. सकाळपासून त्यांचा पाय काही आत ठरत नव्हता.

"नाना, आता कसं बरं वाटतंय बघ!" उत्तरेश्वरभाऊ म्हणाले. "मी म्हणत व्हतो का न्हाय? शेवटी वास्तूनं तुला वठणीवर आणलं."

मी बापाकडं बघितलं. ज्या खिडकीतून मायच्या पदरात भाकर पडायची, त्या घरचा माणूस समोर बसून हसत होता. मला वाटलं आता उडतोय भडका. आण्णांच्या मानेची शीर उठली. पण ते म्हणाले, "व्हय, उत्तरेश्वर. चुकलं व्हतं माझं."

"वास्तूनं न्हाय, भाऊ," आतून माय म्हणाली. "मीच मागितली व्हती खिडकी. ह्यांनी माझं ऐकलं."

उत्तरेश्वरभाऊ उठले आणि हसत खिडकीतून हात आत घातला. "बरं, वहिनी, मग द्या खिडकीचा चहा."

मायच्या हातात कप होता. तो तिनं खिडकीपर्यंत नेला. मग तिनं कप मागं घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"हितनं न्हाय देत मी कुणाला. दारानं आत या. बसून घ्या."

उत्तरेश्वरभाऊंना काहीच कळलं नाही. ते आपले "बरं बरं" म्हणत दाराकडं गेले, आत आले, पाटावर बसले आणि चहा प्यायला लागले. चहाचं कौतुकही केलं. मायनं त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली. हाताला हात लागला. त्यांना तेही कळलं नाही.

आण्णा मात्र बाहेरच होते. बुजवलेल्या टाकीच्या कट्ट्यावर, खिडकीच्या खाली, मान घालून बसलेले. माय कस्तुराबाईच्या खिडकीखाली बसायची तसेच.

माय खिडकीतून वाकली. तिला ते वरून कसे दिसले असतील, मला माहीत नाही. 

"आवं, तुमाला काय येगळं आवतन देऊ का? या की आत."

आण्णा उठले, डोळे पुसले आणि घराला वळसा घालून दाराकडं निघाले.